हिरवळीला काठ हवा



साडी कितीही उंची असली तरी काठ विसविशीत झाला की ती चारचौघांत नेसवत नाही. घरापुढच्या हिरवळीचंही अगदी तसंच आहे. मधलं गवत गालिच्यासारखं कापलेलं असतं, पण फुलांच्या वाफ्याला लागून चार बोटं रुंदीची गवताची झालर तशीच उभी असते. त्यातली हरळी शेवंतीच्या बुडात शिरलेली असते, वाफ्यातली माती गवतावर ओघळलेली असते. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर नेमकी तिथंच जाते आणि सगळी बागच ओबडधोबड वाटू लागते.

पण आज हा विषय घेतला आहे तो नुसत्या दिसण्यासाठी नाही. ज्यांच्याकडे लहानशी का होईना हिरवळ आहे, त्यांनी आपल्या घरात हे काम कसं वाटलं जातं ते जरा आठवून पाहावं. रविवारी सकाळी घरातली पुरुषमंडळी उत्साहानं गवत कापायचं यंत्र बाहेर काढतात, दहा-पंधरा फेऱ्या मारतात आणि 'झालं बुवा!' म्हणत चहाला येतात. कडेचं मात्र झालेलं नसतं. ते उकिडवं बसून, हातात कात्री घेऊन, सरकत सरकत करायचं असतं आणि बहुतेक घरांत ते आपल्याच वाट्याला येतं. माझ्याकडे सत्तर फूट कड आहे. ती कात्रीनं कापायला मला पाऊण तास लागायचा. पावसाळ्यात तर दर आठवड्याला! उठताना गुडघे धरायचे ते वेगळेच. दुपारची शाळा, वह्या तपासणं, स्वयंपाकपाणी या सगळ्यात हा पाऊण तास आणायचा कुठून?

पुष्कळ घरांत शेवटी कंटाळून हिरवळच काढून टाकतात आणि फरशी घालतात. मुलांना लोळायला जागा राहत नाही, उन्हाळ्यात अंगण तापतं. खरं म्हणजे काढून टाकायला हवं ते कडेचं काम. ते कसं, तेच आज पाहू.

कड मागं का राहते?

हातानं ढकलायचं यंत्र एकदा नीट न्याहाळा. पीळदार पात्यांचा सिलिंडर मध्ये आणि दोन्ही बाजूंना चाकं, अशी त्याची रचना असते. म्हणजे पाती चाकांच्या आत असतात. चाक वाफ्याच्या अगदी टोकापर्यंत नेलं तरी चाकाखालचं दोन-तीन इंच गवत कापलं जात नाही. चाक आणखी बाहेर न्यावं तर ते वाफ्याच्या भुसभुशीत मातीत उतरतं, यंत्र कलंडतं आणि पाती एका बाजूनं जमिनीत रुततात. विजेवर चालणाऱ्या यंत्राचं पातं खाली आडवं फिरतं, पण त्यालाही बाहेरून कवच असतं. त्यामुळे तिथंही कड उरतेच.

गंमत पाहा, हे यंत्र जन्माला आलं तेच मुळी कापडावरून. इंग्लंडमधल्या स्ट्राउड या गिरण्यांच्या गावात एडविन बडिंग नावाच्या कारागिरानं १८३० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव सारखी कापणारं यंत्र त्यानं गिरणीत पाहिलं होतं. तेच गवतावर का चालू नये, असं त्याच्या मनात आलं. कापड सपाट असतं, त्याला वाफा नसतो! आपल्या बागेत मात्र चाकाला चालायला सपाट, टणक जागा आपणच करून द्यावी लागते.

म्हणजे उपाय एवढाच, की वाफा आणि हिरवळ यांच्यामध्ये जमिनीशी सपाट अशी विटांची किंवा फरशीची पट्टी घालायची. एक चाक त्या पट्टीवरून चालवलं की पाती गवताच्या शेवटच्या काडीवरून जातात. साडी विरू नये म्हणून आपण खालच्या काठाला आतून फॉल लावतो ना, तसाच हा हिरवळीचा फॉल.

आधी कड मोजा

कामाला लागण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसा. हिशेब शाळेतलाच आहे. समजा, हिरवळ २० फूट लांब आणि १५ फूट रुंद आहे. क्षेत्रफळ ३०० चौरस फूट, परिमिती ७० फूट. आता हौसेनं मध्ये तीन-तीन फूट व्यासाचे चार गोल वाफे केले. त्यांत गवत गेलं अवघं २८ चौरस फूट, पण कड वाढली जवळजवळ ३८ फूट! म्हणजे गवत दहावा हिस्साही कमी झालं नाही आणि कडेचं काम निम्म्याहून अधिक वाढलं.

तेव्हा मधले सुटे वाफे कमी करा. चार लहान वाफ्यांऐवजी कुंपणाला लागून एक लांब वाफा केला तर रोपं तेवढीच मावतात आणि दिसतातही भरगच्च. अरुंद कोपरे, चांदण्या, पाकळ्यांचे आकार टाळा, कारण त्यांत यंत्र शिरतच नाही. वळण द्यायचंच असेल तर ते मोठं आणि संथ द्यावं. खणण्याआधी यंत्र पाती उचलून त्या रेषेवरून एकदा चालवून बघावं. मागं न घेता ते एका दमात वळलं, तर वळण बरोबर.

हिरवळीत झाड असेल तर बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर गोल आळं करून त्याला पट्टी घाला. बुंध्याला यंत्र लागून साल निघाली की झाड हळूहळू खंगतं.

तिरप्या विटांचा मोह

आपल्याकडे शाळा, सरकारी बंगले, बागा अशा सगळीकडे एक पद्धत दिसते. विटा तिरप्या, करवतीच्या दात्यांसारख्या अर्ध्या पुरायच्या आणि त्यांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे. दिसायला टुमदार, विटाही कमी लागतात. पण गवत कापणाऱ्याच्या दृष्टीनं ही सर्वांत वाईट कड. यंत्र विटेच्या टोकाला अडतं आणि प्रत्येक दोन दात्यांमध्ये एक झुबका राहतो. तो कात्रीनं किंवा हातानंच काढावा लागतो. उलट्या पुरलेल्या बाटल्यांचंही तेच, शिवाय फुटली तर अनवाणी मुलांच्या पायाची काळजी. जिथं वाफ्यालगत गवत नाही, नुसती पायवाट आहे, तिथं तिरप्या विटा खुशाल ठेवा. हिरवळीला मात्र आडवी पट्टीच हवी.

आडवी पट्टी : साहित्य

चांगल्या भाजलेल्या विटा, मुरूम, जाड वाळू, थोडं सिमेंट, सुतळी, खुंट्या, एक सरळ फळी, कुदळ, फावडं, खुरपं आणि ठोकायला लाकडी थापी. पाणसळ असल्यास उत्तम.

विटा घेताना दोन विटा एकमेकींवर वाजवून पाहाव्यात. खणखणीत वाजली ती पक्की. बद्द वाजणारी कच्ची वीट एकदोन पावसाळ्यांतच भुगा होते. वीट आडवी, म्हणजे तिची लांबी गवताकडून वाफ्याकडे येईल अशी ठेवायची आहे. ९ इंच लांब आणि साडेचार इंच रुंद अशा जुन्या मापाच्या विटा असतील तर दर १० फुटांना २७ लागतात. १९ सेंटिमीटर लांब, ९ सेंटिमीटर रुंद अशा नव्या मापाच्या असतील तर ३४. तुटण्यासाठी दहा-बारा जास्त धराव्यात. चाकाला खरी गरज तीन-चार इंचांचीच, पण पट्टी रुंद असली की तिच्यावर बसून वाफ्याची खुरपणी करता येते आणि पाय चिखलात जात नाहीत.

घराच्या बांधकामातले शहाबादी फरशीचे तुकडे उरले असतील तर तेही छान चालतात. कोकणातल्या भगिनींना जांभ्याच्या पातळ कापलेल्या लाद्या घालता येतील.

कृती

१. सरळ कड असेल तर दोन टोकांना खुंट्या ठोकून सुतळी ताणावी. वळण असेल तर रबरी नळी उन्हात ठेवून मऊ करावी, हवा तसा आकार देत जमिनीवर टाकावी आणि तिच्या कडेनं रांगोळीची रेघ ओढावी. ती रेघ दिवसभर तशीच राहू द्या. गच्चीवरून, खिडकीतून, फाटकातून अशी चार ठिकाणांहून पाहा. रांगोळी पुसता येते, विटा उकरणं कठीण.

२. धारदार फावड्यानं रेघेवर गवत सरळ कापून घ्यावं. विटेच्या लांबीपेक्षा दीड-दोन इंच जास्त रुंद आणि ६ इंच खोल चर खणावा. निघालेलं गवत मुळांसकट बाजूला काढावं. तुकडे वाफ्यात पडू देऊ नयेत.

३. तळाशी दोन इंच मुरूम घालून पाणी शिंपडावं आणि चांगला चोपावा. काळ्या मातीत ही पायरी गाळूच नये. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि विटा वरखाली करून टाकते. मुरमावर एक इंच वाळू पसरून फळीनं सारखी करावी.

४. विटा एकीला एक लावून बसवाव्यात आणि थापीनं ठोकाव्यात. विटेचा वरचा पृष्ठभाग गवताच्या मुळाशी जी माती असते, तिच्याशी सपाट हवा. सगळी मेख इथंच आहे. वीट वर राहिली तर पाती तिच्यावर घासून बोथट होतात. फार खाली गेली तर चाक खड्ड्यात जातं आणि गवत तिरपं कापलं जातं. दर तीन-चार विटांनंतर फळी गवतापासून विटेपर्यंत आडवी टेकवून पाहावी.

५. एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळू कोरडीच कालवून सांध्यांत झाडूनं भरावी. विटा स्वच्छ झाडून मग झारीनं हलकं पाणी द्यावं. दर चार-पाच फुटांवर एक सांधा नुसत्या वाळूनं भरावा, म्हणजे पावसाचं पाणी तुंबणार नाही. दोन दिवस त्यावर पाय देऊ नये.

६. वाफ्यातली माती पट्टीपेक्षा दीड-दोन इंच खाली ठेवावी. वाफा उंच असला की प्रत्येक पावसाला माती विटांवर येते आणि तिच्यात हरळी रुजायला वेळ लागत नाही.

दहा-बारा फूट पट्टी दोन माणसं एका सकाळी सहज घालतात. सगळी एका दिवसात करायचा हट्ट धरू नका. दिवाळीनंतरचा काळ सर्वांत सोयीचा. पाऊस थांबलेला असतो, जमिनीत ओल असते, कुदळ सहज जाते. मे महिन्यात काळी जमीन दगडासारखी होते.

हरळीचा बंदोबस्त

आपल्या बहुतेक हिरवळी हरळीच्या, म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वांच्याच. ही वनस्पती मोठी चिवट. जमिनीवरून धावते आणि जमिनीखालूनही. वर पेरापेराला मुळं फुटतात, खाली पांढऱ्या टोकदार खोडांनी ती विटेच्या बुडातून पलीकडे निघते. म्हणून हरळी असेल तर पट्टीच्या वाफ्याकडच्या बाजूला शहाबादी फरशीचे ८-९ इंच रुंदीचे तुकडे उभे गाडावेत, किंवा विटा उभ्या पुराव्यात. वरची कड विटांशी सपाट ठेवावी आणि तुकडे एकमेकांना घट्ट भिडवावेत. फट राहिली तर हरळी ती बरोबर शोधून काढते.

एवढं केल्यावरही ती विटांच्या वरून धावणारच. पण लाल विटेवर हिरवा धुमारा लगेच दिसतो आणि पंधरा दिवसांनी एकदा खुरपं फिरवलं की काम भागतं. झिरमिळ्या गालिच्यासारखं दिसणारं मेक्सिकन गवत फार सावकाश पसरतं. त्याला हा उभा बांध नसला तरी चालतो.

पैसे खर्चायचे नसतील तर

भाड्याचं घर असेल किंवा विटांचा खर्च सध्या नको असेल, तर नुसता चर काढूनही भागतं. गवताच्या बाजूनं चार इंच सरळ उभा काप घ्यावा आणि वाफ्याच्या बाजूनं तिरपा उतार द्यावा. गवताची मुळं उघड्या हवेत येऊन थांबतात, माती हिरवळीवर येत नाही. खर्च काहीच नाही. पण आपल्या पावसात हा चर ढासळतो. पावसाळ्यापूर्वी एकदा, मध्ये एकदा आणि नवरात्राच्या सुमारास एकदा तो पुन्हा तासून घ्यावा लागतो. चाकाला आधारही मिळत नाही, त्यामुळे कात्री थोडी चालवावी लागतेच. तरीसुद्धा काहीच नसण्यापेक्षा हा चर शतपटीनं बरा.

पट्टी झाल्यावर

गवत कापताना पहिली फेरी नेहमी कडेची मारावी. एक चाक विटांवर, एक गवतात. मग मधल्या फेऱ्या. हरळी एक-दीड इंच ठेवावी आणि एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, नाहीतर ती पिवळी पडते. गवत ओलं असताना विजेचं यंत्र चालवू नये. वायर नेहमी पाठीमागं, कापून झालेल्या बाजूला असावी.

वाफ्यातली पहिली ओळ पट्टीपासून सहा-आठ इंच आत लावावी. झेंडू, पिटुनिया वाढून विटांवर झुकले तर शोभाच वाढते, पण गवतावर आले की त्यांच्याखाली गवत मरतं आणि यंत्रात फुलंही जातात. पावसाळ्यात विटांवर शेवाळ धरतं. तारेच्या ब्रशनं घासून काढावं, पाय घसरण्याची भीती असते. आणखी एक फायदा : कडेला झुबके नसले की विंचू, गोम, सापाला दडायला जागा कमी होते. संध्याकाळी मुलं चेंडू शोधायला वाफ्याशी वाकतात तेव्हा हे फार महत्त्वाचं.

भगिनींच्या शंका

"नायलॉनच्या दोरीचं यंत्र मिळतं, ते घेतलं तर पट्टी कशाला?" असं एकीनं विचारलं आहे. ते यंत्र कामाचं आहे, पण दर वेळी कडेची वेगळी फेरी करावीच लागते आणि पेलून हात भरून येतात. खडे उडतात, म्हणून चष्मा आणि बंद बूट हवेतच, मुलं आसपास नकोत. झाडाच्या बुंध्याजवळ तर ते नेऊच नये.

"आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, हिरवळ करावी का?" जरूर करा, पण पाण्यापुरतीच. आहे ती हिरवळ मोठी असेल तर पट्टी आत सरकवून ती लहान करा आणि बाहेरच्या जागेत अबोली, कण्हेर, सदाफुली अशी कमी पाण्यावर तगणारी झाडं लावा. हरळी उन्हाळ्यात वाळल्यासारखी दिसली तरी पहिल्या पावसाला परत हिरवी होते.

"सिमेंटचा सलग कट्टा ओतून घेतला तर?" तो पक्का होतो, पण गवंडी बहुधा सवयीनं जमिनीच्या वर चार इंच उचलतो. तिथंच उभं राहून त्याच्याकडून जमिनीशी सपाट करून घ्या, आणि पाणी जायला मधूनमधून वाट ठेवायला सांगा. पुढेमागे वाफ्याचा आकार बदलावासा वाटला तर मात्र विटाच सोयीच्या.

शेवटी एक सांगते. पट्टी घालायचं काम घरातल्या सगळ्यांनी मिळून करा. मुलांना रांगोळीची रेघ ओढू द्या, विटा मोजू द्या, फळी धरायला लावा. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही हे यायला हवं. आणि एकदा पट्टी झाली की कडेचं म्हणून वेगळं काम घरात उरतच नाही. जो यंत्र ढकलतो, त्याचीच ती पहिली फेरी होते. कात्री धार लावून शिवणाच्या डब्यात ठेवून द्या, आणि रविवारचा तो पाऊण तास दुसऱ्या कुठल्या कामाला देऊन टाकू नका. तो तुमचा आहे.

पुढच्या वेळी शेवंतीचे फुटवे वेगळे कसे करायचे ते पाहू.